छत्तीस गढांचे वर्तुळ

कॅडेट मित्रांनो, जवानाच्या बाहीवरील चिन्ह पाहून तो कोणत्या फॉर्मेशनचा हे ओळखता येते. प्रांतांच्या राजचिन्हांचेही तसेच आहे. ती वाचता आली, तर त्यांत त्या मुलखाचा इतिहास सापडतो.

आपल्या भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला. त्याचा करार 1955 साली झाला. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. आज रशियातील प्रत्येक प्रांताला, म्हणजे ‘ओब्लास्त’ला, स्वतःचे राजचिन्ह आहे. माग्नितोगोर्स्क ही पोलादनगरी चेल्याबिन्स्क ओब्लास्तात आहे. पण त्या ओब्लास्तच्या चिन्हावर भट्टी नाही, तर ओझे लादलेला उंट आहे. कारखान्यांच्या कितीतरी आधी तेथे उंटांवरून व्यापारी माल येत असे, याची ती खूण.

आपल्याकडे सहसा जिल्ह्याला असे चिन्ह नसते, राज्याला असते. 1 नोव्हेंबर 2000 रोजी स्थापन झालेल्या छत्तीसगढच्या चिन्हात अशोकस्तंभाचे सिंह, भाताच्या लोंब्या, विजेची खूण आणि नद्या दाखवणाऱ्या तिरंगी लाटा आहेत. भोवतीच्या वर्तुळात 36 गढ आहेत.

गढ म्हणजे नुसता किल्ला नव्हे. कलचुरी राजवटीत तो महसुलाचा विभाग होता. परंपरेने 84 गावांचा एक गढ मानत. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे 18 आणि दक्षिणेस रायपूरचे 18 गढ होते.

1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसले यांनी तेथून कारभार केला. 1787 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरचे सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी गढ मोडून परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार नेमले. म्हणजे गढांची व्यवस्था मराठी अंमलातच संपली. आपण मराठी भाषकांनी हेही लक्षात ठेवायला हवे. व्यवस्था गेली, तरी नाव लोकांच्या तोंडी टिकले आणि त्याच नावाने राज्य झाले.

आज राज्यात 5 विभाग आणि 33 जिल्हे आहेत. भिलाई दुर्ग जिल्ह्यात आणि दुर्ग विभागात येते. कारभाराच्या सीमा सरकार बदलते; नाव टिकवतात ती माणसे. यापुढे एखाद्या सरकारी दाखल्यावर हे चिन्ह दिसले, तर त्याचे बाहेरचे वर्तुळ जरा निरखून पाहा.