घरच्या गॅरेजमधील हायड्रॉलिक लिफ्ट : जमीन, तेल आणि आधार

बंदिस्त तेलावर एका जागी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम हायड्रॉलिक लिफ्टचा पाया असून, १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावरील जोर २० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर २० पट होतो. मात्र मोठा दट्ट्या त्याच प्रमाणात कमी सरकतो, म्हणून हाताने पंप वारंवार मारावा लागतो.

नागपुरातील इतवारीसारख्या जुन्या, दाट व्यापारी वस्तीत घराच्या तळमजल्यावर किंवा अंगणात अशी लिफ्ट वापरताना पहिला प्रश्न जमिनीचा असतो. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आक्रसणाऱ्या काळ्या मातीवरील पातळ फरशी भाराखाली तडकू शकते, तर पारा ४५ अंशांपुढे नेणाऱ्या विदर्भाच्या उन्हात डांबर मऊ होऊन लिफ्टचा पाया रुतू शकतो. त्यामुळे सपाट, भक्कम काँक्रीटच योग्य ठरते.

तेल अडवून धरणारे रबरी सील झिजल्यास दाब उतरून गाडी खाली येते. म्हणून जमिनीवरील चाकांना पुढून-मागून ठोकळे लावणे, गाडी उत्पादकाने नेमून दिलेल्या जागीच उचलणे आणि उचलताच ती लोखंडी स्टँडवर, अथवा तेलाविना भार पेलणाऱ्या यांत्रिक खिट्टीवर टेकवणे अनिवार्य आहे. केवळ तेलाच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.