अर्धस्वयंचलित शॉटगनचे रुळणे व काडतूस-भरणातील अडथळे : एक यांत्रिक विवेचन

बीजसंज्ञा : शॉटगन, अर्धस्वयंचलित यंत्रणा, संवेग, प्रत्याघात, घर्षण, दोषनिदान

प्रस्तावना

नवे वाहन घेतल्यावर पहिले काही शे किलोमीटर ते बेताने चालवावे, हा संकेत आपल्या परिचयाचा आहे. एके काळी नव्या मोटारींच्या मागच्या काचेवर तशी पाटीही लावलेली असे. अर्धस्वयंचलित शॉटगनच्या बाबतीत मात्र हा संकेत उलटा होतो. तिला प्रारंभी जोरदार काडतुसे द्यावी लागतात आणि हलकी काडतुसे नंतर. असे का, आणि नवी बंदूक वारंवार अडकू लागल्यास दोष कोठे शोधावा, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

या बंदुकीचा प्रसार प्रामुख्याने अमेरिका व युरोपमध्ये, पक्ष्यांच्या शिकारीत आणि मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीत झालेला असल्याने येथील उदाहरणेही तिकडचीच आहेत. आपल्याकडे ‘बाराबोअर’ हा शब्द खेडोपाडी रूढ आहे. परंतु तो बहुधा हाताने उघडून भरावयाच्या एकनळी वा दुनळी बंदुकीसाठी वापरला जातो. (नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर, हा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असतो.) दुनळीला काडतूस हलके आहे की भारी, याची फारशी पर्वा नसते, कारण रिकामे काडतूस काढण्याचे व नवे भरण्याचे काम माणसाचा हात करतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत ते काम उडालेल्या काडतुसाच्याच ऊर्जेतून व्हावयाचे असते. पुढील सर्व अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

तीन यंत्रणा

जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने 1900 मध्ये अशा शॉटगनचे एकस्व घेतले. विंचेस्टर कंपनीशी मानधनाच्या प्रश्नावर त्याचे बिनसले. रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट घेण्यासाठी तो गेला असतानाच, जानेवारी 1902 मध्ये, त्यांचे निधन झाले. अखेर बेल्जियममधील एफएन कंपनीने ही बंदूक बनविली आणि ‘ऑटो-5’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. तीत बार उडाल्यावर नळी व बोल्ट हे दोन्ही एकत्र मागे सरकतात.

या बंदुकीतील घर्षणकड्याची योजना आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मॅगझिनच्या नळीवर नळीची मोठी स्प्रिंग, एक काशाचा तुकडा आणि पोलादी कडे असते. भारी काडतुसांसाठी हे कडे स्प्रिंगच्या पुढे, काशाच्या तुकड्याला लागून बसवावयाचे, म्हणजे घर्षण वाढून धक्का शोषला जातो. हलक्या काडतुसांसाठी ते तेथून काढून स्प्रिंगच्या मागे ठेवावयाचे. मांडणी चुकली तर एका बाजूला बंदूक अडकते, आणि दुसऱ्या बाजूला नळी प्रत्येक बाराला मागे आदळून पुढची लाकडी मूठ तडकते. अडकणे लगेच दिसते. आदळणे मात्र अनेक वर्षे ध्यानात येत नाही. म्हणूनच जुनी ऑटो-5 हाती आल्यावर प्रथम कड्याची मांडणी तपासावी असे जाणकार सांगतात.

दुसरी यंत्रणा वायूवर चालणारी होय. 1963 मध्ये आलेली रेमिंग्टन 1100 हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. नळीला असलेल्या बारीक छिद्रांतून थोडा तप्त वायू खाली उतरतो, पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. तिसरी यंत्रणा जडत्वावर चालते व ती इटलीतील बेनेल्ली कंपनीने रूढ केली. बार उडताच सारी बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहतो. त्यामुळे त्याच्या व बोल्टच्या फिरत्या डोक्याच्या मधली ताठ स्प्रिंग दाबली जाते आणि ती पुन्हा उघडताना बोल्टला मागे फेकते. या यंत्रणेत वायूची काजळी आत येत नाही, हा मोठा लाभ. मात्र बंदूक मागे सरकलीच नाही, तर यंत्र चालणार नाही. दस्ता भक्कम आधाराला टेकवून बार काढल्यास किंवा बंदुकीवर जादा वजन चढविल्यास ती अडखळते, ते यामुळेच.

ऊर्जेचा हिशेब

24 ग्रॅम छर्ऱ्यांचे स्पर्धेतील काडतूस सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने सुटते असे धरले, तर छर्ऱ्यांचा संवेग 9.6 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. 32 ग्रॅमचे काडतूस 365 मीटर वेगाने सुटल्यास तो सुमारे 11.7 होतो. हा फरक किरकोळ वाटेल. परंतु बंदुकीला मिळणारी प्रत्याघाताची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे हलक्या काडतुसाकडून यंत्राला मिळणारी ऊर्जा जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी पडते. (दारूचे वायू व छर्ऱ्यांमागील बूच यांचा वाटा येथे सोयीसाठी सोडून दिला आहे.)

आता दुसरे टोक पाहावे. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर 1991 पासून देशभर बंदी आली. पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने काडतुसे लांब व वेगवान झाली आणि 89 मिलिमीटर लांबीची काडतुसे झेलणाऱ्या बंदुकांना मागणी आली. अशा काडतुसातील सुमारे 42 ग्रॅम छर्रे 455 मीटर वेगाने सुटतात असे धरल्यास संवेग 19 च्या घरात जातो. म्हणजे स्पर्धेच्या काडतुसाच्या दुप्पट, आणि ऊर्जा चौपट. एकाच यंत्राने हे दोन्ही पचवावे ही अपेक्षा मुळातच कठीण आहे. जोरदार काडतुसाने यंत्र फुटू नये म्हणून स्प्रिंगा ताठ ठेवल्या, तर हलक्या काडतुसाला त्या दाबवत नाहीत. 2010 मध्ये आलेल्या रेमिंग्टनच्या व्हर्सा मॅक्स या बंदुकीत यावर एक सुंदर तोड काढली होती : वायूची छिद्रे काडतुसाच्या घरातच पाडलेली असून लांब काडतूस स्वतःच त्यांतील काही झाकून टाकत असे. विक्रीच्या माहितीपत्रकात ‘सर्व काडतुसे चालतात’ असे वाक्य असते तेव्हा नव्या मालकाने हे चौपट अंतर ध्यानात ठेवावे.

रुळणे म्हणजे काय

नव्या बंदुकीत तीन गोष्टी एकदम प्रतिकूल असतात. सरकत्या पृष्ठभागांवर यंत्रकामाचे सूक्ष्म कंगोरे व ताजा लेप असतो. स्प्रिंगा पूर्ण ताठ असतात. आणि गोदामात गंज चढू नये म्हणून लावलेले दाट तेल सर्वत्र चिकटलेले असते. पहिल्या दोन गोष्टी वापराने सुधारतात. कंगोरे झिजतात आणि स्प्रिंगा किंचित बसतात. तिसरी मात्र वापराने सुधारत नाही, उलट काजळी मिसळून ते तेल खळीसारखे होते. म्हणून पहिला बार काढण्यापूर्वी बंदूक माहितीपुस्तिकेनुसार उघडून नळी, काडतुसाचे घर, मॅगझिनची नळी व बोल्ट पुसून घेणे आणि सरकत्या भागांवर पातळ तेलाचा केवळ हात फिरविणे, हे रुळविण्याचे खरे पहिले पाऊल होय. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘नवी आहे, रुळेल’ म्हणून सोडून दिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या एका कामाने मिटण्यासारख्या असतात.

त्यानंतर बार न उडणारी सरावाची काडतुसे घालून बोल्ट हाताने अनेकदा मागेपुढे करावा. मग 32 ग्रॅम किंवा अधिक छर्ऱ्यांच्या काडतुसांच्या दोन-चार पेट्या (एका पेटीत 25 असतात) उडवाव्यात, पुन्हा पुसावे, आणि मग हलक्या काडतुसांकडे यावे. जोरदार काडतूस घर्षणावर मात करून यंत्राचा पूर्ण फेरा करविते आणि प्रत्येक पूर्ण फेऱ्यात घर्षण थोडे घटते. हलक्या काडतुसाने फेरा अर्धवट राहतो; ज्या भागात घर्षण अधिक, तेथपर्यंत बोल्ट पोचतच नाही. स्कूटरच्या उलट संकेताचे रहस्य एवढेच आहे. मात्र नळीवर कोरलेल्या लांबीपेक्षा लांब काडतूस या कारणासाठीही कधी वापरू नये. ते न उडविलेल्या स्थितीत घरात बसते, परंतु उडताना तोंड उलगडण्यास जागा न उरल्याने दाब धोकादायक प्रमाणात वाढतो.

अडथळ्याचे निदान

निदानापूर्वी सुरक्षिततेचा विचार अपरिहार्य आहे. अडकलेली बंदूक ही भरलेली बंदूक समजावी : नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. चाप ओढूनही बार न झाल्यास त्याच स्थितीत किमान 30 सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते. बार नेहमीपेक्षा फुसका वाजला, तर बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढचे काडतूस भरू नये. बूच नळीत राहिलेले असू शकते. वीस बोअरचे काडतूस चुकून बाराच्या नळीत गेल्यास ते पुढे सरकून अडकते, मागे बाराचे काडतूस सहज बसते आणि ते उडविल्यास नळी फुटते. अमेरिकेत वीस बोअरची काडतुसे पिवळी करतात, ती याच भयाने.

‘काडतूस भरत नाही’ ही तक्रार बहुधा अपुरी असते, कारण भरणे ही साखळीतील शेवटची कडी आहे. बोल्ट सुटणे, रिकामे काडतूस घरातून ओढले जाणे, बाहेर फेकले जाणे, मॅगझिनमधून नवे सुटणे, पट्टीने ते वर उचलणे, घरात ढकलले जाणे आणि बोल्टने कुलूपबंद होणे, अशी ही साखळी आहे. म्हणून अडकल्यावर घाईने बोल्ट ओढण्यापूर्वी, बंदूक सुरक्षित दिशेलाच धरून, काडतूस नेमके कोठे थांबले हे पाहावे. तो पुरावा एका झटक्यात नष्ट होतो.

रिकामे काडतूस घरातच असेल, तर घरातील गंज वा वितळलेल्या प्लॅस्टिकचा थर, काडतूस ओढणारा आकडा, आणि स्वस्त काडतुसांचे पोलादी बूड या क्रमाने संशय घ्यावा. असे बूड फुगल्यावर पितळेइतके परत आकसत नाही. रिकामे काडतूस खिडकीत उभे चिमटले गेले असेल, तर बोल्ट पुरेसा मागे गेलेला नाही. नव्या बंदुकीत हे फार आढळते आणि त्याचे कारण बहुधा हलके काडतूस, दाट तेल किंवा वायूच्या छिद्रांतील काजळी हे असते. रेमिंग्टन 1100 मध्ये मॅगझिनच्या नळीवरील लहानसे रबरी कडे तडकले, तरी वायू गळून हेच लक्षण दिसते. काही आण्यांचे ते कडे सोडून लोक स्प्रिंगा बदलत बसतात.

रिकामे काडतूस स्वच्छ बाहेर पडले, पण नवे मॅगझिनमध्येच राहिले, तर दोष ऊर्जेचा असण्यापेक्षा मॅगझिनचा असण्याचा संभव अधिक. नळीतील घाण, पिचका, दुबळी स्प्रिंग, किंवा काडतूस अडवून धरणारा खटका तेथे तपासावा. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावतील अशी दांडी मॅगझिनमध्ये घालावी लागते. ती तिरपी बसल्यानेही स्प्रिंग अडते. याउलट एकाच वेळी दोन काडतुसे सुटून पट्टीपाशी गुंतत असतील, तर खटका झिजला किंवा वाकला आहे.

नवे काडतूस घरात शिरले, पण बोल्ट केसभर उघडा राहिला, हे लक्षण सर्वांत फसवे आहे. जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीत बोल्टचे डोके पूर्ण फिरलेले नसते, चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि दोष काडतुसावर ढकलला जातो. बोल्ट हळूच हाताने पुढे सोडणे हे त्याचे नेहमीचे कारण. तो पूर्ण मागे ओढून झटकन सोडला पाहिजे. तरीही असे घडत राहिले, तर अनेक बंदुकांत दस्त्याच्या आत असलेली, बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग पाहावी. तिची नळी नजरेआड असल्याने पाणथळीतील शिकारीनंतर तेथे ओल राहते, गंज धरतो, आणि कडाक्याच्या थंडीत तिथले दाट तेल गोठते.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर एकाच जातीची पुरेशी काडतुसे उडवून पाहावीत. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना हेच सांगतो. काडतूस, तेल व स्प्रिंग एकदम बदलल्यास बंदूक चालू लागेलही, पण कशामुळे ते कळणार नाही. कानशीने खटका घासणे किंवा वायूची छिद्रे मोठी करणे तर मालकाने टाळावेच. छिद्र मोठे करता येते, लहान करता येत नाही. हलक्या काडतुसाला सरावलेली ती बंदूक पुढे जोरदार काडतुसाने आतून आदळत राहते. जोरदार काडतुसांच्या चार पेट्या आणि दोनदा साफसफाई होऊनही अडथळा त्याच जागी येत असेल, तर ती मुदत संपण्यापूर्वी निर्मात्याकडे परत पाठवावी. सोबत कागदावर काडतुसाची लांबी, छर्ऱ्यांचे वजन, अडकण्याची जागा आणि किती बारांमागे किती वेळा ते घडले, एवढे लिहून द्यावे.