पावणेचार किलोमीटरचा हिशेब

2011 च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्याची लोकसंख्या 29,90,116. त्यातले 13,43,402 लोक एकट्या वसई तालुक्यातले, म्हणजे शंभरातले 45. मोखाडा तालुक्यात 83,453 लोक, शंभरात तीनही नाहीत. त्यामुळे इंटरनेटचा कोणताही आकडा ‘जिल्ह्याची सरासरी’ म्हणून समोर आला, तर त्यातला मोठा वाटा वसई-विरारचाच असतो. गोखिवऱ्यात कारखान्यांचे गाळे, चाळी आणि सोसायट्या एकमेकांना खेटून आहेत. फायबर टाकणाऱ्या केबलवाल्याला पुढचे गिऱ्हाईक पलीकडच्याच इमारतीत मिळते. तिथून तीसेक किलोमीटर उत्तरेला, खामलोली-बहाडोलीकडे, पुढची वस्ती शेत, ओढा आणि झाडी ओलांडून येते. तार टाकण्याचा खर्च अंतरावर ठरतो आणि वसुली माणसांच्या संख्येवर. दोन्ही बाजूंनी गणित गावाच्या विरोधात जाते.

संगणकजाळ्यांवरचे विद्यापीठीय संशोधन म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. तेव्हा आयआयटी मुंबईत असलेले प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र गावाचे हे गणित सोडवण्यासाठी आपले संशोधन पालघरच्या गावांत नेऊन केले. पवईतून निघालेला हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला असूनही वसईत त्याची फारशी चर्चा होत नाही, याची मला खंत वाटते.

सुरुवात टीव्हीच्या रिकाम्या लहरींपासून झाली. या गटाच्या 2014 च्या शोधनिबंधात दूरदर्शनच्या देशभरातल्या 1,415 प्रक्षेपकांची मोजदाद आहे. त्यातले 373 प्रक्षेपक यूएचएफ पट्ट्यात, 470 ते 590 मेगाहर्ट्‌झमध्ये चालत. हा पट्टा 120 मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे प्रत्येकी 8 मेगाहर्ट्‌झच्या 15 वाहिन्यांचा. हिशेब असा निघाला की देशात कुठेही उभे राहा, 15 पैकी किमान 12 वाहिन्या मोकळ्या सापडतील. शिवाय वाटप नीट केले तर सगळ्या 373 प्रक्षेपकांचे काम 4 वाहिन्यांत, 32 मेगाहर्ट्‌झमध्ये भागते. उरलेले आकाश वापराविना पडून होते.

या लहरी गावासाठी मोलाच्या का, तेही आकड्यांतच कळते. मोकळ्या हवेत, सारख्याच क्षमतेच्या अँटेना धरल्या, तर लहरीची गळती वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 500 मेगाहर्ट्‌झच्या तुलनेत घरगुती वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर 23 पट गळते आणि 5.8 गिगाहर्ट्‌झची सुमारे 135 पट. पहिल्या लहरीची तरंगलांबी 60 सेंटिमीटर, शेवटच्या लहरीची जेमतेम 5. लांब लहर झाडापानांतून वाट काढते, आखूड लहर तिथेच अडकते. पावसाळ्यानंतर पालघरची झाडी किती दाट होते हे पाहिलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

खामलोली परिसरातल्या सात वस्त्यांत, सुमारे 25 चौरस किलोमीटरांत, या लहरींवर जाळे उभे राहिले. पण परवाना होता तो प्रयोगापुरता. अमेरिकेच्या नियामकाने असा पट्टा 2008 मध्ये आणि ब्रिटनने 2015 मध्ये वापरासाठी खुला केला. आपल्याकडे तसे झाले नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात गटाने 5.8 गिगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्याकडे मोर्चा वळवला. ‘ग्राममार्ग’ नावाच्या या टप्प्यात 25 गावे जोडली गेली, पसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 5,344 चौरस किलोमीटर. म्हणजे साडेसहा टक्के भूभाग. गळती 135 पट, मग हे साधले कसे? उंच खांबांवर एकमेकींकडे नेमक्या रोखलेल्या अँटेना लावून. सगळीकडे सांडणारी शक्ती एका दिशेला वळवली की गळती भरून निघते, मात्र मध्ये झाड येता कामा नये.

या आकड्यांवर मी एक छोटा भागाकार केला. 350 ला 25 ने भागले की गावामागे 14 चौरस किलोमीटर येतात. त्याचे वर्गमूळ पावणेचारच्या आत-बाहेर. म्हणजे एका जोडणीपासून दुसरीपर्यंत साधारण पावणेचार किलोमीटर. माझ्या मते ग्रामीण जाळ्याचा सगळा प्रश्न या एका अंतरात सामावलेला आहे.

वाय-फायचेच पाहा. हे तंत्र घर-कचेरीसाठी घडवलेले. दुसरे कुणी बोलत नाही ना याची चाहूल घ्यायची आणि मग बोलायचे, हा त्याचा नियम. 5 गिगाहर्ट्‌झमध्ये चाहूल घेण्याचा एक ठोका 9 मायक्रोसेकंदांचा असतो आणि तेवढ्यात रेडिओलहर 2.7 किलोमीटर जाते. पावणेचार किलोमीटरला तिला 12 मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. समोरचा बोलू लागलेला असतो, इकडे त्याचा आवाज अजून पोचलेला नसतो आणि दोघांचेही संदेश वाया जातात. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या संशोधकांनी अशा लांब पल्ल्याच्या वाय-फाय जाळ्यांसाठी 2005 मध्ये ‘टू-पी’ ही पद्धत मांडली: चाहूल घेणे सोडून द्यायचे आणि मनोऱ्यावरच्या सगळ्या जोडण्यांनी एकाच वेळी बोलायचे, मग एकाच वेळी ऐकायचे. दोघेही पुढे आयआयटी मुंबईत आले. उपकरण तेच स्वस्तातले, बदलली ती फक्त बोलण्याची शिस्त. संगणकजाळ्यांच्या संशोधनातली मला सर्वांत आवडणारी कामे या जातीची आहेत.

मोबाइलच्या बाबतीत हेच अंतर जागतिक मानकांत खटकले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 5जीसाठी ठरवलेल्या अपेक्षांत 20 गिगाबिट कमाल वेग आहे, 1 मिलिसेकंदाचा विलंब आहे, ताशी 500 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतला फोनही आहे. ग्रामीण चाचणीत दोन मनोऱ्यांमधले अंतर धरले होते 1,732 मीटर. भारतीय तज्ज्ञांनी आग्रह धरला की आपल्या गावांसाठी 6 किलोमीटरचीही चाचणी हवी. ती 2017 मध्ये स्वीकारली गेली. त्यात बहुतेक वापरकर्ते चालत्या माणसाच्या, ताशी 3 किलोमीटरच्या वेगाने धरले आहेत आणि मोटारही ताशी 30 किलोमीटरची. मनोऱ्याखालचे क्षेत्र अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून 1,732 मीटरच्या हिशेबाने जिथे 12 मनोरे लागतात तिथे 6 किलोमीटरच्या हिशेबाने एक पुरतो. ग्रामपंचायतीजवळ एक मनोरा आणि भोवतालचे 3 किलोमीटर त्याच्या कवेत, हे चित्र पालघरच्या पावणेचार किलोमीटरशी चांगले जुळते. कमी हालचाल, कमी वीज, कमी खर्च या धर्तीच्या जाळ्याचा आराखडा पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे 2061 क्रमांकाचे मानक म्हणून 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यात मोठा हात आहे.

सरकारी फायबर कुठपर्यंत येते तेही पाहू. पुढे ‘भारतनेट’ झालेली योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली: अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला 100 मेगाबिट. वस्तीची गावे सुमारे 6 लाख. म्हणजे एका पंचायतीमागे 2.4 गावे, आणि पालघरमध्ये प्रत्येक गावाचे पाडे वेगळे. त्या मूळ आराखड्यात तार पंचायतीच्या दारात संपत होती. तिथून पाड्यापर्यंतचा मधला टप्पा हेच ‘ग्राममार्ग’चे काम होते. 100 मेगाबिटही पुष्कळ वाटतात, पण एका चलचित्राला 4 मेगाबिट धरले तर पंचविसाव्या घरापाशी ते संपतात.

म्हणून जिल्ह्याने सरासरी बाजूला ठेवून पाड्यागणिक तीन आकडे जाहीर करावेत: पंचायतीतल्या फायबरपासूनचे अंतर, दिवसातले विजेचे तास आणि संध्याकाळी आठ वाजता प्रत्यक्ष मिळणारा वेग. वसई-विरारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात ही मोजणी करू शकतील. फोन, प्रमाणात काढलेला नकाशा आणि एक वहीभर नोंदी, एवढ्यावर ती होते.