एकाच भांड्यातील रसायन

‘भांडी कमी, पसारा कमी’ हे स्वयंपाकघरातील शहाणपण रसायनशास्त्रालाही लागू पडते. कार्बन अणूंच्या वलयात नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक यांचा अणू बसला, की त्या संयुगास ‘विषमवलयी’ म्हणतात. चहा-कॉफीतील कॅफीन, पेनिसिलिन, रक्तदाबावरील निफेडिपीन ही सारी याच कुळातील. अशी वलये टप्प्याटप्प्याने बांधायची, तर दर टप्प्याला नवे भांडे, नवे द्रावक आणि थोडी गळती आलीच. प्रत्येक टप्प्यात ८० टक्के माल हाती आला, तरी पाच टप्प्यांनंतर जेमतेम ३३ टक्के उरतो!

यावरचा एक मार्ग इटालियन रसायनज्ञ पिएत्रो बिजिनेली यांनी १८९१ मध्ये दाखविला. बेंझाल्डिहाइड, युरिया व एथिल ॲसिटोॲसिटेट आम्लासह एकत्र तापविले, की एकाच भांड्यात डायहायड्रोपिरिमिडिनोन हे विषमवलयी संयुग तयार होते. तिन्ही द्रव्यांचे रेणुभार अनुक्रमे १०६, ६० व १३०, बेरीज २९६. पैकी २६० इष्ट संयुगात जातात. उरलेले ३६ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. टाकाऊ काय, तर पाणी!

येथे आम्ल हा उत्प्रेरक. तो अल्डिहाइडला अधिक क्रियाशील करतो, युरियाशी त्याची गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा होतो. उत्प्रेरक धातूचा असेल, तर औषधातून त्याचे अंश काढून टाकावे लागतात. म्हणून लहान सेंद्रिय रेणूंकडे लक्ष गेले. प्रोलीनसारखे साधे ॲमिनो आम्लही हे काम करू शकते. या क्षेत्रातील कार्याबद्दल बेंजामिन लिस्ट व डेव्हिड मॅकमिलन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता द्रावकाचे पाहू. औषधनिर्मितीत खर्ची पडणाऱ्या द्रव्यांच्या वजनात द्रावकांचा वाटा फार मोठा असतो. ते वगळून बिजिनेलीची विक्रिया पॅरा-टॉल्युइन सल्फॉनिक आम्लासारख्या सेंद्रिय उत्प्रेरकासह खलात घोटूनही घडविता येते. द्रव्ये विरळ न झाल्यामुळे रेणूंच्या गाठीभेटी वाढतात. मात्र द्रावक उष्णताही वाटून घेत असतो. मोठ्या प्रमाणावर काम करताना तो आधार नसतो, हे विसरून चालत नाही.

आणखी एक प्रश्न उरतो. विक्रिया कोरडी केली आणि शुद्धीकरणाला लिटरभर द्रावक ओतले, तर ‘द्रावकविरहित’ हे नाव नुसते पाटीवरच राहील. नदीला पाटी वाचता येत नाही. तिच्यात काय सोडले, एवढेच तिला कळते. तेव्हा हिशेब मांडायचा तो पहिल्या चमच्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत.