पिशवी काढली, तरी कष्ट तेच



गेल्या होळीला नवापूर तालुक्यातील आमची एक बहीण गुजरातमधील ऊसतोडीहून घरी आली. तीन लेकरांची आई, पण वय तिशीच्या आत. कंबर दुखते, अंगावरून सतत पांढरे जाते, म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. "पिशवी काढा, नाहीतर पुढे कॅन्सर होईल," असे तिला सांगण्यात आले. ती मला म्हणाली, "ताई, काढूनच टाकते. पाळी थांबेल, रोजही बुडणार नाही."

तिच्या या बोलण्यामागे सारा कामाचा हिशेब आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. त्यामुळे बाई आजारी पडली की दोघांचेही काम अडते आणि उचल फिटत नाही. पहाटे अंधारात उठून भाकरी करायच्या, मग ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. राहायला प्लास्टिकची झोपडी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचे.

याचा परिणाम थेट शरीरावर होतो. पाळीचे कापड धुवायला पुरेसे पाणी नसते आणि लाजेपोटी ते उन्हात वाळत घातले जात नाही. अस्वच्छ, ओलसर कापडाने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आडोसा नाही म्हणून बाया पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. त्यातून लघवीची जळजळ सुरू होते. बाळंतपणानंतर लवकरच जड ओझे उचलले, तर ओटीपोटाचे स्नायू सैल पडून 'अंग बाहेर येते'. गरोदर बाई गावापासून दूर असल्याने तिच्या तपासण्या आणि लोहाच्या गोळ्या चुकतात. आधीच रक्त कमी किंवा सिकलसेल असेल, तर धोका आणखी वाढतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची कहाणी आपल्याला ठाऊक असेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तिथे ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहातली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयोगटातील हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते.

काही आजारांत ही शस्त्रक्रिया खरोखरच करावी लागते. पण पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर तरुणपणीच पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. शिवाय शस्त्रक्रियेसाठी कर्ज, ते फेडायला नवी उचल, आणि दुखऱ्या कमरेवर पुन्हा तीच मोळी.

त्या बहिणीला मी सरकारी रुग्णालयात नेले. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांनाही गोळ्या मिळाल्या आणि ती बरी झाली. पण दिवाळीनंतर ती पुन्हा त्याच पडावावर गेली, जिथे अजूनही संडास नाही. म्हणून नुसत्या गोळ्यांवर समाधान मानता येत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री मला नेहमी आठवते. तिनेही जवळचे सारे वैद्यांवर खर्च केले होते. प्रभूने गर्दीत थांबून तिचे सगळे ऐकून घेतले. आपणही आधी ऐकून घ्यायला हवे.

गावातील सेविका आणि मंडळीतील भगिनींनी दिवाळीपूर्वी एवढे करावे: जाणाऱ्या प्रत्येक बाईचे रक्त तपासून घ्यावे, आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घेऊन सोबत द्याव्यात, गरोदर बाईजवळ तिचे माता-बाल संरक्षण कार्ड आहे ना, ते पाहावे. उचल ठरवतानाच पाणी, संडास आणि पाळीतील विश्रांतीचे मुकादमाशी सर्वांनी मिळून बोलावे. आणि कोणी "पिशवी काढा" म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नये.