लोखंडाला 'अपात्र' कोणी ठरविले?

आमच्या विहारातील अभ्यासिकेत परवा एम.आर.आय. यंत्राचा विषय निघाला. या यंत्राच्या पोटात तारेचे मोठे वेटोळे असते आणि त्यातून वीज कोणत्याही अडथळ्याविना फिरते, असे आम्ही सांगत होतो. इस्त्रीची वायर गरम होते ती विजेला होणाऱ्या अडथळ्यामुळे. तेवढी वीज फुकट जाते, मीटर मात्र तिचेही पैसे मोजून घेतो! यंत्रातील तारेला हा अडथळा नाही, पण तिला उणे 269 अंश सेल्सिअसच्या थंडीत, महागड्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागते.

"मग तार लोखंडाची का करत नाहीत? लोखंड तर स्वस्त," नववीतल्या एका मुलीने विचारले. लोखंड चुंबकीय, ते चालत नाही, असे आम्ही ठोकून दिले. घरी येऊन वाचले, तेव्हा आमचे उत्तर चुकल्याचे कळले.

या गुणाला अतिवाहकता म्हणतात. 1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना तो पाऱ्यात प्रथम आढळला. पुढे नवे अतिवाहक शोधताना बर्न्ड मथायस या नामांकित शास्त्रज्ञाचे नियम सांगितले जात: ऑक्सिजनपासून दूर राहा, चुंबकत्वापासून दूर राहा. कचेरीत एकदा 'अपात्र' असा शेरा पडला की ती फाईल पुन्हा कोणी उघडत नाही, हे आम्ही कारकून चांगले जाणतो. लोखंडाचे तसेच झाले. थोर माणूस सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्ही वर्गात शिकवतो, आणि स्वतः मात्र विसरलो!

1986 साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांबे व ऑक्सिजन असलेला अतिवाहक शोधून पहिला नियम मोडला. दुसरा नियम मोडला तो जपानमध्ये. टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेतील हिदेओ होसोनो यांचे मूळ काम अर्धवाहकांचे. त्यांच्या हाती लँथॅनम, ऑक्सिजन, लोखंड आणि अर्सेनिक यांचा स्फटिक होता. घडीच्या चपातीसारखे त्याला पदर: एक लोखंड-अर्सेनिकचा, त्यावर लँथॅनम-ऑक्सिजनचा, पुन्हा लोखंडाचा. नुसता हा स्फटिक अतिवाहक नव्हे. पण काही ऑक्सिजनच्या जागी फ्लुओरीन घातले, तेव्हा लोखंडाच्या पदरात जादा इलेक्ट्रॉन आले, चुंबकी शिस्त मोडली आणि उणे 247 अंशांना विजेचा अडथळा नाहीसा झाला. ही गोष्ट 2008 सालची. त्याच वर्षी चीनमधील शास्त्रज्ञांनी लँथॅनमऐवजी समेरियम वापरून उणे 218 अंशांपर्यंत मजल मारली.

हे का घडते, याचा पक्का निकाल अजून लागलेला नाही. ज्या चुंबकत्वाला वैरी मानले, तेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवीत असावे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते.

2016 साली चीनमध्ये अशा पदार्थाची 100 मीटरहून लांब तार तयार झाली. येत्या रविवारी त्या मुलीला हे सांगून आमची चूक दुरुस्त करायची आहे. थंडी अजून लागतेच, आणि दवाखान्यातल्या यंत्रात आजही नायोबियम-टायटॅनियमचीच तार असते, हेही सांगावे लागेल.