धक्क्यापेक्षा पाय सांभाळा

सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत तिथेही सुटलेली नाही. त्यामुळे नंदुरबार, अमळनेर मार्गे जळगावपर्यंतचा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास पोटुशा लेकींना करावाच लागतो. घरच्यांना धास्ती असते ती धक्क्यांची.

बाळ गर्भजलात तरंगत असते; रस्त्याचे नेहमीचे हादरे त्याच्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. पहिल्या तिमाहीतले निम्मे गर्भपात तर गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. खरा धोका तासन्‌तास पाय लोंबकळत बसण्यात आहे. प्रसूतीत रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागते. त्यात वाढलेले गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते आणि पायांतले रक्त वर सावकाश चढते. शिरेत गुठळी होण्याची शक्यता चार-पाच पट होते; ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून दर दोन तासांनी चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. एकाच पोटरीत दुखून सूज आली तर थेट डॉक्टरकडे जावे.

या दृष्टीने एसटी किंवा मोटारीपेक्षा रेल्वे बरी. उठता येते, शौचालय हाताशी असते. गरोदर महिलांसाठी खालच्या बर्थची तरतूदही आहे. बसस्थानकावरच्या अस्वच्छ शौचालयाच्या धास्तीने अनेकजणी पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, पोटात कळा! जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हे अधिकच महागात पडते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २०२० च्या आढाव्यानुसार तापमान एका अंशाने वाढले की मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यात पहाटेची किंवा रात्रीची गाडी धरावी.

मोटारीत सीटबेल्ट टाळू नये. खालचा पट्टा पोटाखाली मांड्यांलगत, वरचा दोन्ही स्तनांमधून घ्यावा. पोटावरून गेलेला पट्टा अपघातात वार सुटण्यास कारण ठरू शकतो. दुचाकीवर हादऱ्यापेक्षा पडण्याचे भय मोठे.

चौदावा ते अठ्ठाविसावा आठवडा प्रवासाला सर्वांत सोयीचा. म्हणून सातवा महिना लागताच निघावे, नववा उजाडू देऊ नये. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, खाली असलेली वार किंवा जुळी असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. माता-बाल संरक्षण कार्ड पर्समध्येच असावे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सोबतच्या माणसालाही पाठ असावा.